जुन्या डब्यात कुठलं ग्राफिक्स कार्ड? आरएक्स ६४०० आणि जीटीएक्स १६५० सोबत काढलेला एक उन्हाळा

कुठल्याशा ऑफिसातून लॉटमध्ये निघालेला एक डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणला होता. आय५-४५७० प्रोसेसर, मिनी टॉवर कॅबिनेट. रॅम सोळा जीबी केली, एसएसडी घातली आणि घरचे हिशेब, तिकिटं, वीजबिलं यात तो मस्त रमला. मे महिन्यात भाचा राहायला आला. पिशवी खाली ठेवायच्या आत त्याने विचारलं, "मामा, ह्यात कार्ड कुठलंय?" म्हटलं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीये, प्रोसेसरमधलंच ऑनबोर्ड ग्राफिक्स आहे. त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा लग्नात शेवटची पंगत उठल्यावर पोचलेला पाहुणा रिकाम्या टोपाकडे बघतो.

तिथून माझा शोध सुरू झाला. तुमच्याकडेही असाच तिसऱ्या-चौथ्या पिढीचा इंटेल डबा असेल आणि बजेट दहा-बारा हजारांच्या आसपास असेल, तर माझे हे आठ-दहा दिवस तुमच्या कामी यावेत.

सगळे जण पहिल्यांदा आरएक्स ५८० सुचवतात. मलाही तिघांनी सुचवलं. आठ जीबी मेमरी, सेकंडहँड बाजारात मुबलक, आणि ताकदीला आज मी ज्यांबद्दल लिहितोय त्या दोन्ही कार्डांपेक्षा सरस. सगळं खरं. पण त्याला १८५ वॉट लागतात आणि आठ पिनची वेगळी वायर लागते. ऑफिसच्या डब्यातल्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीला, ती वायरच नसते. एसएमपीएस बदलू म्हणाल, तर अशा बऱ्याच डब्यांत मदरबोर्डला जाणारा जोडही कंपनीने स्वतःच्या मापाचा केलेला असतो, बाजारातला चोवीस पिनचा त्यात बसत नाही. मग कन्व्हर्टर शोधा, कॅबिनेटचं माप बघा. घोड्यापेक्षा खोगीर महाग. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून आठ पिन काढून देणारा एक स्वस्त जोड मिळतो, त्याच्या वाटेला कृपा करून जाऊ नका. साटाच्या पॉवर जोडातून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॉटचं काम होतं. मी एकदा दुसऱ्या एका मशीनवर हा मोह केला होता. पंधरा मिनिटांत प्लास्टिकचा वास आला आणि हौस फिटली.

ज्यांच्याकडे साधा असेंबल्ड पीसी आणि चांगला साडेचारशे-पाचशे वॉटचा एसएमपीएस आहे, त्यांनी ५८० जरूर बघावं. तेव्हा दोन गोष्टी तपासा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर दिवसरात्र गणितं चालवून ते चलन कमावणं, बंद झालं, तेव्हा राबून राबून थकलेली ही कार्डं ढिगाने बाजारात आली. पंखे आणि थर्मल पेस्ट बघूनच घ्या. आणि '२०४८एसपी' नावाचा एक प्रकार आहे, तो नावाने ५८० असला तरी अंगाने ५७० आहे. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून शेडर, म्हणजे कार्डातले गणित करणारे भाग, २३०४ दिसतात का ते दुकानातच पाहा.

बाकीची नावं पटकन उरकतो. जीटीएक्स १०५० टीआय हे एकेकाळचं लाडकं कार्ड, पण ऑक्टोबर २०२५ पासून एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलंय, आता फक्त सुरक्षेपुरते येतील. फुकट मिळालं तर घ्या. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर फार गोड दिसतं, सहा जीबी, पण नीट चालायला त्याला बोर्डाची 'रिसायझेबल बार' नावाची सोय लागते आणि आपल्या डब्याच्या वयाच्या बोर्डांवर ती नसते. आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं रूप २०२४ मध्ये आलं. सत्तर वॉट, वेगळी वायर नाही, या सगळ्यांत खरं तर तेच सर्वांत शहाणं. पण माझ्या अख्ख्या डब्याला जेवढे पडले त्याच्या जवळपास दुप्पट त्या एका कार्डाला पडत होते. नाकापेक्षा मोती जड.

उरली दोन. एएमडीचं आरएक्स ६४०० आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. दोन्ही चार जीबीची, दोन्ही साधारणपणे मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेणारी, किंमतही साधारण एकाच घरात. कार्डावरच्या मेमरीचा वेग काढला तर दोघांचा सेकंदाला १२८ जीबी, अगदी जुळ्यांसारखा. ६४०० हे २०२२ चं, १६५० हे २०१९ चं. कोणीही म्हणेल, नवं घ्यावं. मीही तेच म्हणत होतो. माझ्या मित्राकडे ६४०० पडून होतं, ते आठ दिवसांसाठी उसनं आणलं आणि लावलं.

पहिले दोन दिवस मी खूश होतो. कार्ड एवढंसं, एकाच स्लॉटचं, पंखा फिरतोय की नाही हे कान लावून ऐकावं लागे. व्हॅलोरंट हा गेम छान चालला. भाचा म्हणाला, "मामा, हेच ठेव." तिसऱ्या दिवशी त्याने एक मोकळ्या नकाशाचा, गाड्या पळवायचा गेम टाकला. आणि उचकी सुरू झाली.

उचकीच म्हणतो, कारण दुसरा शब्द सापडत नाही. गेम हळू चालत नव्हता. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो, पन्नासच्या वर, सगळं सुरळीत. गाडी गावाच्या वेशीत शिरली की चित्र क्षणभर गच्च थांबायचं, मग पुन्हा पळायचं. पुढच्या चौकात पुन्हा. सरासरी आकडा बघाल तर काही बिघडलेलंच नाही. पण वळणावर ब्रेक दाबायच्या नेमक्या क्षणी चित्र गोठलं की गाडी कुंपणात. आपल्याकडे म्हणतात, उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय. इथे कार्डच बोर्डावरच्या रॅमची आठवण काढत होतं.

कारण समजायला मला एक संध्याकाळ लागली. ६४०० ला मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे माल ये-जा करायच्या वाटा, दिल्या आहेत. १६५० ला सोळा. आता पंगत डोळ्यांसमोर आणा. पानात वाढलेलं आहे तोवर वाढपी चार आहेत की सोळा, कोणाला कळतही नाही. चार जीबीत बसणारा गेम म्हणजे भरलेलं पान. पण पान संपलं, म्हणजे कार्डावरची मेमरी भरली, की जिन्नस मुदपाकखान्यातून, म्हणजे बोर्डावरच्या रॅममधून, आणावा लागतो. चार वाढपी असतील तर भात कालवून माणूस आमटीची वाट बघत बसतो. तीच उचकी.

कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या स्लॉटचं नाव पीसीआय एक्सप्रेस. नव्या बोर्डावर त्याची ४.० आवृत्ती असते, तिथे वाढपी चारच पण दुप्पट चपळ. सेकंदाला साधारण आठ जीबी माल पोचतो. माझ्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ३.०, म्हणजे चार लेनवर जेमतेम चार जीबी. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर २.०, म्हणजे दोनच. सोळा लेनचं १६५० त्याच माझ्या बोर्डावर सोळाच्या आसपास जातं. तेव्हा दोष कार्डाचा आहे असं मी म्हणणार नाही, जोडी जमली नाही एवढंच. मित्राने तेच कार्ड रायझन ५६०० आणि बी५५० बोर्डावर लावून तोच गेम, तीच वेस मला दाखवली. उचकी जवळपास गायब. (रायझन ५६००जी घेतलेल्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. नाव नवं असलं तरी तो ३.० वरच अडतो.)

टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची बारीक चित्रं) मध्यमवर आणली की माझ्याकडेही उचकी बरीच कमी झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काहींना तेवढं पुरेल. मला पुरलं नाही. एकदा ती जाणवायला लागली की नसतानाही तिची वाट बघत बसतो माणूस. नळ गळतो तेव्हा पुढच्या थेंबाची बघतो तशी.

मग १६५० घेतलं. दुकानदाराकडून वापरलेलं, बिल आणि महिन्याच्या चेकिंग वॉरंटीसकट. तोच डबा, तीच वेस, तेच टेक्स्चर. सरासरी फ्रेम किती वाढल्या ते मी मोजलं नाही, आणि मोजल्या असत्या तर फार फरक निघाला नसता असा माझा अंदाज आहे. पण गाडी गावातून सरळ गेली. एखाद-दुसरा झटका आला. मेमरी शेवटी चारच जीबी आहे, ती भरतेच. पण चौकाचौकात थांबणं गेलं. भाच्याने काही म्हटलं नाही, आणि मला तेच प्रशस्तिपत्र वाटलं.

दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंग दाबून साठवणारा भाग, नाहीच. गेम खेळता खेळता रेकॉर्ड करायचा असेल तर तो भार प्रोसेसरवर पडतो, आणि आपले चार कोअर आधीच घामाघूम असतात. बायोसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स चालू ठेवून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्विकसिंक, म्हणजे इंटेलचा स्वतःचा एन्कोडर, निवडला की मार्ग निघतो, मी तो वापरलाही. पण हा आडमार्ग झाला. १६५० मध्ये एनव्हीएन्क हा एनव्हिडियाचा एन्कोडर आहे, बटण दाबलं की काम सुरू. यूट्यूबवरचा एव्ही१ या नव्या प्रकारात दाबलेला व्हिडिओ मात्र दोघांपैकी एकालाही हार्डवेअरवर उलगडता येत नाही, तेव्हा तिथे बरोबरी.

आता ६४०० ची बाजू, कारण ती कमी नाही. तुमचा डबा पातळ असेल, आडवा झोपवायचा ऑफिसवाला, तर एका स्लॉटचं लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, ६४०० त्यात अलगद बसतं. १६५० चीही लो प्रोफाइल रूपं आहेत, पण ती बहुतेक जाडीला दोन स्लॉट घेतात आणि शोधून शोधून दमायला होतं. ६४०० ला ५३ वॉट पुरतात, १६५० ला ७५. स्लॉट देऊ शकतो तेवढे सगळे ते ओढतं. २४० वॉटच्या जुनाट एसएमपीएसवर हा बाविसाचा फरक मनाला दिलासा देतो. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर चौथ्या पिढीवाले बरेच जण लिनक्सकडे वळलेत. तिथे एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, वेगळी खटपट नाही. लिनक्स, पातळ डबा आणि हलके गेम, एवढं जमत असेल तर माझं सगळं पुराण बाजूला ठेवून ६४०० घ्या.

१६५० मध्येही खोड्या आहेत. २०१९ च्या कार्डाला इतके पैसे अजूनही पडतात हे मला खटकतंच. उन्हाळ्यात दुपारी पंखा ऐकू येतो, माझ्या कार्डाला एकच पंखा आहे म्हणूनही असेल. आणि सर्वांत मोठी फसगत म्हणजे १६५० च्या काही मॉडेलना सहा पिनचा जोड असतो. १६५० सुपरला तर असतोच, ते १०० वॉटचं कार्ड आहे. फोटोवर विसंबू नका, खोक्यातून काढून वरची कड बघा. तिथे पिना दिसल्या तर ते आपलं नाही. जुना मॉनिटर निळ्या व्हीजीएचा असेल तर दोन्ही कार्डांना अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, साधी वायर चालणार नाही, त्याचे तीन-चारशे धरून ठेवा.

घेण्याआधी दुकानातच कार्ड लावून जीपीयू-झेड उघडा. जुन्या कार्डाच्या बायोसवर नवं नाव चढवून विकण्याचा धंदा अजून चालतो, आणि बऱ्याचदा हे सॉफ्टवेअर तो पकडतं. मग दहा मिनिटं काहीतरी जड चालवून बघा. मायनिंगची भीती १६५० ला तशी कमी. चार जीबीची कार्डं त्या धंद्यातून लवकर बाद झाली होती.

भाचा जूनमध्ये परत गेला. डबा पुन्हा हिशेबाला लागला आहे, पण रात्री नऊनंतर गाड्यांचा तो गेम आता मीच उघडतो. मित्र विचारत होता, ६४०० स्वस्तात देऊ का. बहिणीकडे एक पातळ डबा आहे, तिला कामापुरता दुसरा मॉनिटर लावायचाय. त्यात ते घालून द्यावं म्हणतो. भाच्याला मात्र अजून सांगितलेलं नाही.