पाच हजारांचा एक थेंब : गुडघ्याच्या मालिशच्या नावाखाली चालणारी लूट

माझ्या आईला मालिश करणाऱ्या एका माणसाने घरात येऊन लाखाच्या वर लुबाडलं. आम्ही डोंबिवलीत राहतो, पण ही तऱ्हा आमच्या गावापुरती नाही. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यापर्यंत मात्र त्या पोचत नाहीत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवात भाजी बाजारात झाली. आई पाय ओढत चालताना पाहून एक नीटनेटका तरुण जवळ आला. "काकू, गुडघे दुखतात ना? माझी आई तर जिना चढू शकत नव्हती. एका वैद्यांनी मालिश केली, आता देवदर्शनाला चालत जाते." त्याने काहीही विकलं नाही, पैसे मागितले नाहीत, फक्त नंबर दिला. या लोकांची टोळी असते आणि पहिला माणूस नेहमी असाच 'बरं झालेल्याचा नातेवाईक' असतो.

वैद्य घरी आले, सोबत मदतनीस. मालिशचे पाचशे रुपये ठरले. कोमट तेलाने गुडघे चोळले, आईला खरंच बरं वाटलं. मग वैद्यांनी गुडघा दाबून तोंड वाकडं केलं. "काकू, आत पू साचलाय. आज काढला नाही तर पाय जाईल." त्यांनी ब्लेडने कातडीवर बारीक चिरे दिले, कसलीशी पूड टाकली आणि पितळी नळी लावून तोंडाने ओढायला लागले. ओढलेलं कापसावर थुंकायचे, पिवळट आणि घट्ट. मदतनीस वहीत रेघा मारत मोठ्याने मोजत होता. पुढच्या खोलीत बाबा टीव्ही बघत होते, त्यांना वाटलं मालिश चाललीय. शेवटी हिशेब आला : थेंबाला ५,००० रुपये, थेंब चोवीस. आई घाबरली. मदतनीस तिला रिक्षाने बँकेत घेऊन गेला, वाटेत सांगत राहिला, "मुलांना आत्ता कळवू नका, उगाच काळजी करतील."

हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं ते प्रत्येकाने आपल्या आईवडिलांना सांगावं. वयोमानाने गुडघे दुखतात ते कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजल्यामुळे. त्यात पू नसतो. गुडघ्यात खरोखर पू झाला तर सांधा लाल होतो, तापतो, बहुतेक वेळा ताप भरतो, पाय टेकवत नाही. अशा माणसाला थेट हॉस्पिटलात न्यावं लागतं, तो बाजारात भाजी निवडत बसत नाही. सांध्यातलं पाणी काढायचं असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने काढतात. तोंडाने ओढलेल्या नळीतून जंतू मात्र आत जाऊ शकतात.

मला सगळ्यात जास्त चीड याची येते की आईची अँजिओप्लास्टी झालेली आहे, ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते, आणि ब्लेड लावण्याआधी त्या माणसाने एका शब्दाने विचारलं नाही. चिऱ्यांतून कितीतरी वेळ रक्त येत होतं. मुलं कुठे असतात, पेन्शन कुठल्या बँकेत येते, हे मात्र बोलता बोलता काढून घेतलं होतं. खरा जाणकार, मग तो पंचकर्म करणारा वैद्य असो, फिजिओथेरपिस्ट असो की स्पामधला मालिशवाला, आधी तब्येतीचं विचारतो : मधुमेह, रक्तदाब, चालू औषधं, जुनी ऑपरेशनं. पोटरी एकाएकी सुजून गरम झाली असेल तर तिला हातसुद्धा लावत नाही, कारण आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

वैद्य म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा. आयुर्वेदाचे डॉक्टर आपल्याकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदलेले असतात, आणि क्रमांक विचारला म्हणून खऱ्या डॉक्टरांना राग येत नाही. दर पूर्ण सत्राचा ठरवा. थेंबावर, नळीवर, 'जेवढं निघेल तेवढं' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवा. मालिश अर्धी झाली असली तरी "पुरे" म्हणायचा हक्क आपला असतो. मी आईला हेच परत परत सांगतो, कारण तेल लावलेल्या अंगाने पडून असताना समोरच्याला नाही म्हणणं वडीलधाऱ्यांना फार जड जातं.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. पैसे यूपीआयने किंवा ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमचे रोख गेले, त्यामुळे तो मार्ग नव्हता. कापूस आणि उरलेली पूड आईने किळस येऊन फेकून दिली होती. तुमच्याकडे असं घडलं तर ते पिशवीत बांधून ठेवा, जखम डॉक्टरांना दाखवून कागद घ्या, आणि सोसायटीचं व बँकेचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी मागून घ्या.