जुन्या गाडीचा टेंपरेचर गेज: विजेचा दुरुस्त करावा की नळीचा बसवावा?

जुन्या पेट्रोल गाडीच्या टेंपरेचर गेजवर विश्वास उरला नाही, की मालकापुढे दोन मार्ग असतात: मूळचा विजेचा गेज दुरुस्त करणे, किंवा द्रव भरलेल्या बारीक नळीचा यांत्रिक गेज बसवणे. मी दोन्ही वापरले आहेत.

विजेच्या गेजमधील दोष शोधणे अवघड नाही. चावी चालू ठेवून इंजिनावरच्या, तापमान जाणणाऱ्या सेंसरची वायर काढल्यावर काटा थंडाकडे पडला आणि ती क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवल्यावर गरमाकडे चढला, तर संशय सेंसरवर किंवा त्याच्या अर्थिंगवर घ्यावा. पेट्रोलचा काटाही सोबतच चुकत असेल, तर मात्र आधी स्टॅबिलायझर तपासावा. ब्रिटिश घडणीच्या अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना सुमारे १० व्होल्ट तोच पुरवतो.

खरी कटकट सेंसर बदलल्यावर सुरू होते. तापमान वाढेल तसा सेंसरचा रोध घटतो, पण कोणत्या अंशाला तो किती असावा हे मूळ गेजशी जुळलेले असावे लागते, आणि बाजारात मात्र आटे बसले की ‘हा चालतो’ म्हणून तो हाती ठेवला जातो. माझ्या गाडीत नव्या सेंसरनंतर काटा कायम पाऊण रेषेवर राहू लागला. रेडिएटर स्वच्छ होता, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) वेळेवर उघडत होता, तरी खंबाटकी चढताना इंजिन तापले आहे की काटाच खोटा आहे, हे ठरवता येईना.

यांत्रिक गेजला वायर लागत नाही आणि त्यावर अंश छापलेले असतात. इंजिन बंद केल्यावर पाण्याचे फिरणे थांबून तापमान थोडा वेळ चढते, तेही तो दाखवतो. बसवण्याआधी त्याचा बल्ब, म्हणजे नळीच्या टोकाचा तापमान जाणणारा भाग, उकळत्या पाण्यात धरावा. पुण्यात काटा ९८ अंशांच्या आसपास, तर महाबळेश्वरला ९५-९६ वर थांबला, तरी तो बरोबर समजावा.

अर्थात नळी कापता येत नाही, मोडली की बहुधा गेजच बदलावा लागतो, आणि इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचा भाग) उघडताना तिला जपावे लागते. मूळ डॅशबोर्ड जपायचा असेल आणि जुळणारा सेंसर खात्रीने मिळत असेल, तर विजेचा गेजही वाईट नाही. एरवी मी नळीचाच सुचवेन. मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) कमी होऊन बल्ब किंवा सेंसर उघडा पडला, तर दोन्ही गेज फसवतात, म्हणून इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहणे चुकत नाही.