कॅरिबियन क्रूझ: पश्चिमेची बंदरं घ्यावीत की पूर्वेची?

मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझ साधारण दोन वाटांनी जातात. पश्चिमेच्या वाटेवर कोझुमेल, कोस्टा माया, ग्रँड केमन, जमैका, रोआतान, बेलीझ यांतली तीन-चार बंदरं असतात. पूर्वेच्या वाटेवर सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टेन आणि पोर्तो प्लाता. जहाज तसंच, जेवण तसंच, दरांतही फार फरक नसतो. फरक पडतो तो जहाजातून उतरल्यावरच्या सहा-आठ तासांत. जाहिरातीतल्या फोटोंवरून तो कळत नाही, कारण सगळीकडे निळं पाणी आणि माडच असतात.

आधी बघा: धक्का की टेंडर

काही बंदरांत जहाज थेट धक्क्याला लागतं आणि तुम्ही चालत किनाऱ्यावर जाता. काही ठिकाणी ते समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, नेतात. पूर्वेची वर सांगितलेली चारही बंदरं धक्क्याची. पश्चिमेला कोझुमेल, कोस्टा माया, रोआतान आणि जमैकात धक्का आहे, पण ग्रँड केमन आणि बेलीझ टेंडरची.

ग्रँड केमनला बोटीचा प्रवास पाच-दहा मिनिटांचाच आहे. वेळ जातो तो रांगेत. जहाजाकडून सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीचे टोकन घेऊन थांबतात. एका दिवशी चार जहाजं आली तर सकाळचा तासभर तिथेच जातो. तिथे धक्का बांधण्याचा विषय अनेक वर्षं गाजला आणि २०२५ च्या सार्वमतात लोकांनी नकार दिला, त्यामुळे हे इतक्यात बदलणार नाही. बेलीझला किनाऱ्यालगत पाणी उथळ असल्याने जहाज कित्येक मैल बाहेर उभं राहतं आणि टेंडरला एका बाजूने वीस ते तीस मिनिटं लागतात.

आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर इथे थांबून विचार करा. लाटा असल्या की टेंडरची बोट जहाजाच्या दाराशी वर-खाली होत राहते. खलाशी दोन्ही दंड धरतात, पण पाऊल मात्र स्वतःलाच टाकावं लागतं, तेही बोट वर आल्याच्या नेमक्या क्षणी. गुडघ्यांचा त्रास असेल तर उतरताना एकदा आणि परतताना एकदा, असं दोनदा हे दिव्य आहे. विजेवरची स्कूटर किंवा जड व्हीलचेअर बहुतेक वेळा टेंडरवर घेत नाहीत. शिवाय वारा वाढला की टेंडरचं बंदरच आधी रद्द होतं. त्या बंदराचं शुल्क तेवढं खात्यात परत येतं. बाहेरून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतील का, हे सहल नोंदवतानाच विचारून ठेवावं.

पश्चिमेची वाट: पाण्याखालचं जग आणि माया अवशेष

कोझुमेलला तीन धक्के आहेत. पुंता लांगोस्ता सान मिगेल गावाच्या मध्यावर आहे, तर इंटरनॅशनल पिअर आणि पुएर्ता माया काही किलोमीटर दक्षिणेला. तुमचं जहाज कुठे लागणार ते आधी पाहिलं की गावात पायी जाता येईल की टॅक्सी करावी लागेल, ते कळतं. टॅक्सीचे दर विभागानुसार ठरलेले असतात आणि धक्क्यावर फलक असतो. दर माणशी की गाडीचा, हे बसण्याआधी विचारा. स्नॉर्केलिंगसाठी सगळ्या वाटेवरचं हे सर्वात चांगलं बंदर: पालांकार, कोलंबिया हे प्रवाळ आणि एल सिएलोची उथळ वाळू, सगळं नैऋत्य बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला.

तुलुमचे माया अवशेष मात्र कोझुमेलहून करू नयेत, असं आमचं मत. आधी प्लाया देल कार्मेनपर्यंत पाऊण तास फेरीबोट, पुढे साधारण तासभर बस, आणि परतीला पुन्हा तेवढंच. दिवसाच्या सात-आठ तासांतून अवशेषांपाशी मिळतात जेमतेम दोन, तेही भर दुपारी. फेरीत उलट्या करणारे बरेच असतात. अवशेषच बघायचे असतील तर कोस्टा माया असलेली वाट घ्या. तिथून चाकचोबेन सरळ रस्त्याने तासाभरात येतं, गर्दी कमी असते आणि झाडीची सावलीही आहे. पण कोस्टा मायाचा धक्का उघड्या समुद्रात आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून वारं सुटलं की जहाज तिथे न थांबता पुढे निघून गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

ग्रँड केमनला लोक जातात ते स्टिंगरे सिटीसाठी, म्हणजे स्टिंगरे हे चपटे मासे पाण्यात जवळून बघायला. बोट अर्ध्या तासात वाळूच्या उथळ पट्ट्यावर नेते. पाणी साधारण कमरेइतकं असतं, पोहता येण्याची गरज नाही. तिथे पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत चाला. काटा माशाच्या शेपटीवर असतो आणि पाय वरून पडला तरच तो वापरला जातो. खरेदी करताना किंमत कोणत्या डॉलरमध्ये आहे ते बघा. दुकानात एक अमेरिकन डॉलर म्हणजे ८० केमन सेंट धरतात, त्यामुळे फलकावरचे १० डॉलर प्रत्यक्षात साडेबारा पडतात.

जमैकात जहाजं बहुधा फाल्मथ किंवा ओचो रिओसला लागतात. डन्स रिव्हर धबधबा चढायचा असेल तर ओचो रिओस हवं, तिथून तो काही मिनिटांवर आहे. फाल्मथहून एका बाजूलाच तासाच्या वर लागतो. चढाई सुमारे १८० मीटरची, हातात हात धरून, निसरड्या दगडांवरून. पाण्यात घालायचे रबरी बूट घरूनच न्यावेत, तिथे भाड्याने घेताना मापाची बोंब असते. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी शेजारून पायऱ्या आहेत.

पूर्वेची वाट: पायी फिरण्याजोगी गावं, चांगले किनारे

पूर्वेला अंतर जास्त. फ्लोरिडाहून सेंट थॉमस सुमारे हजार सागरी मैल, म्हणून समुद्रातच जाणारा दिवस बहुधा एखादा जास्त असतो. हे काहींना कंटाळवाणं वाटतं, तर काही त्यासाठीच ही वाट निवडतात.

सान हुआनला जहाज जुन्या शहराच्या पायथ्याशीच लागतं. दगडी रस्त्यांवरून वीस-पंचवीस मिनिटं चढत गेलात की १५३९ मध्ये बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला. तो आणि सान क्रिस्तोबाल किल्ला एकाच तिकिटावर पाहता येतात. अडचण वेळेची: अनेक जहाजं इथे दुपारी उशिरा येतात आणि किल्ले संध्याकाळी लवकर बंद होतात. वेळापत्रकात सान हुआन दुपारी तीननंतर असेल तर किल्ला आतून बघण्याचा विचार सोडा. किल्ल्यासमोरचं भलंमोठं हिरवं मैदान मात्र तेव्हाही खुलं असतं. तिथे वारा इतका चांगला असतो की स्थानिक मंडळी पतंग उडवायला येतात. मुलं बरोबर असतील तर रस्त्यात एक पतंग विकत घ्या.

सेंट थॉमसला हॅव्हनसाइट आणि क्राउन बे असे दोन धक्के. टॅक्सी म्हणजे बाकं टाकलेला उघडा ट्रक. दर माणशी असतो आणि गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. मेगन्स बेचा किनारा वीसेक मिनिटांवर, वळणावळणाच्या डोंगरी रस्त्याने. गाडी लागणाऱ्यांनी पुढचं बाक पकडावं. ट्रंक बे त्याहून सुंदर, पण ते शेजारच्या सेंट जॉन बेटावर. रेड हुकपर्यंत टॅक्सी, मग वीस मिनिटं फेरी, मग पुन्हा टॅक्सी. जहाज आठ तासांपेक्षा कमी थांबणार असेल तर मेगन्स बेच बरं.

सेंट मार्टेनला फिलिप्सबर्गचा किनारा धक्क्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, वॉटर टॅक्सीही मिळते. फ्रंट स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दागिन्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं ओळीने आहेत, हिंदीत घासाघीस चालते. माहो बीचवर डोक्यावरून उतरणारी विमानं बघायची असतील तर युरोपहून येणारी मोठी विमानं बहुधा दुपारी येतात, त्या दिवसाचं वेळापत्रक पाहून जा. उड्डाण करणाऱ्या विमानाच्या मागे कुंपणाला धरून उभं राहण्याचा खेळ मात्र करू नका. २०१७ मध्ये इंजिनाच्या झोताने एका पर्यटक महिलेचा जीव गेला आहे. परतीच्या रस्त्यावर सिम्पसन बेचा उघडणारा पूल लागतो. तो उघडला की वाहतूक थबकते, म्हणून जहाजावर चढण्याच्या शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी माहोहून निघा.

बहामाची राजधानी नासाऊ दोन्ही वाटांवर दिसतं, त्यामागे कधीकधी १८८६ चा एक अमेरिकी कायदा असतो: परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन तिथेच परत आणायचं तर मध्ये एखादं परदेशी बंदर करावंच लागतं. नासाऊ जवळ पडतं, एवढंच. एकदा पाहिलं असेल तर त्या दिवशी जहाजावरच राहा, तरणतलाव रिकामा मिळतो.

घड्याळ

जहाज सुटतं ते जहाजाच्या वेळेने. फोन मात्र किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ उचलतो. कोझुमेल, केमन आणि जमैकात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, फ्लोरिडात करतात. त्यामुळे जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर असेल, तर फोनमध्ये साडेतीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात. जहाज चुकवणाऱ्यांत या एका तासाने फसलेले बरेच असतात. पूर्वेला हिवाळ्यात उलटं होतं, फोन एक तास पुढे दाखवतो आणि तुम्ही फार तर लवकर परतता. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून तेच बघा. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवते. स्वतः ठरवलेल्या सहलीला ही सोय नाही.

ऋतू, व्हिसा, जेवण

डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेच्या वाऱ्याचा फटका पश्चिमेला जास्त, तेव्हा पूर्वेची वाट घ्यावी. वसंत आणि उन्हाळ्यात सारगॅसम शेवाळ कोस्टा मायाच्या किनाऱ्यावर ढिगांनी येतं. कोझुमेलची पश्चिम बाजू त्यातून बरीच वाचते. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वादळांचा जोर असतो, त्या दिवसांत वाट कधीही बदलू शकते.

अमेरिकेत एच-१बीवर असाल आणि पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर वैध आय-९४ वर (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) परत येण्याची सवलत फक्त मेक्सिको आणि कॅनडापुरती आहे, तीही ३० दिवसांपर्यंत. वाटेत केमन, जमैका किंवा बहामा असेल तर ती चालत नाही. एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना क्युबा सोडून शेजारची बेटं चालतात. पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांच्या आय-९४ ला क्रूझमुळे नवी मुदत मिळेल, हे गृहीत धरू नका.

शाकाहारींना मेक्सिकोत घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी असू शकतं. ऑर्डर देताना ‘सिन कार्ने, सिन मांतेका’ (मांस नको, चरबी नको) म्हणा. जमैकात रास्ताफारी लोकांचं ‘आयटल’ जेवण बहुधा शाकाहारी असतं. जहाजावर चढताना दुकानाच्या सीलबंद पाकिटातली भाकरवडी बहुतेक कंपन्या चालवून घेतात, घरच्या थालीपिठांना मात्र दारातच अडवतात.