हार्लीचे कॅम घरी बदलण्यासाठी घेतलेली हत्यारं: आठ महिने आणि तीन गाड्यांनंतर

माझी गाडी २००२ ची रोड किंग, ट्विन कॅम ८८ इंजिनाची, म्हणजे १४५० सीसी. इथे ओहायोत सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) चेनला आजवर हात लावलेला नाही. या इंजिनाची गोम नेमकी तिथेच आहे. १९९९ पासूनच्या ट्विन कॅममध्ये दोन चेन असतात आणि दोन्हींवर स्प्रिंगने दाबलेले प्लॅस्टिकचे टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारे तुकडे. चेन ते प्लॅस्टिक हळूहळू खाते आणि भुगा तेलपंपाकडे जातो. २००७ पासून सगळ्या ट्विन कॅमना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले. माझ्या गाडीचं कव्हर ऑक्टोबरात उघडलं, तर आतल्या टेन्शनरला नखभर खाच पडली होती. एका शॉपने सांगितलेल्या मजुरीत पुण्याचं विमानतिकीट आलं असतं. म्हटलं, हत्यारं घेऊ आणि स्वतःच करू.

तिथेच पहिली चूक झाली. आधी हत्यारं घेतली आणि कुठले कॅम बसवायचे ते नंतर ठरवलं. कॅमना धरून ठेवणारी जुनी प्लेट ठेवायची तर कॅम बाहेरच्या बेअरिंगांसकट प्लेटमध्ये दाबून बसवावे लागतात, त्याला प्रेस लागतो. हायड्रॉलिक टेन्शनरची नवी प्लेट आणि २००७ नंतरच्या पद्धतीचे कॅम घेतले, तर ती बाहेरची बेअरिंगंच नसतात. कॅम थेट प्लेटमध्ये फिरतो, हाताने आत जातो. मी शेवटी हेच केलं, पण तोवर १२ टनी प्रेस घरी आला होता. तो कोपऱ्यात उभा आहे. त्यावर पनीर दाबता येईल का, असं बायकोने एकदा गंभीरपणे विचारलं होतं.

दोन्ही मार्गांत सुटका नसलेलं हत्यार एकच, आतल्या कॅम बेअरिंगचा पुलर. ही दोन सुईबेअरिंगं (आत गोळ्यांऐवजी बारीक सुया असलेली) इंजिनाच्या केसच्या भिंतीत बसलेली असतात आणि भिंतीपलीकडे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक. मी आधी हातोडीसारखे ठोके देऊन ओढणारा स्वस्त पुलर मागवला. तिसऱ्या ठोक्याला त्याची पकड फाकली, बेअरिंगचं कवच अर्धं वर आलं आणि सुया सुटल्या. एक सुई जरी फ्लायव्हीलकडे गेली असती तर अख्खं इंजिन उघडावं लागलं असतं. रात्री साडेअकरापर्यंत चुंबक आणि टॉर्च घेऊन, वर्तमानपत्रावर मांडून सुया मोजत बसलो. सगळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी जॉर्जेस गॅरेजचा पुलर मागवला. हा स्क्रूने ओढतो, ठोके नाहीत. पाना फिरवत राहिलं की बेअरिंग मुकाट्याने बाहेर येतं, आणि त्याच हत्याराने नवं आत दाबता येतं. नवी बेअरिंगं कोयोची, पिंजरा नसलेली, सुयांनी गच्च भरलेली. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि अक्षरांची बाजू बाहेर ठेवून बसवली. आठ महिन्यांत सहा बेअरिंगं काढली, स्क्रूचे आटे अजून नव्यासारखे आहेत. महाग आहे, पण ही खरेदी पुन्हा करीन.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरवलेला जोर आला की क्लिक करणाऱ्या पान्याबद्दल, मात्र मी हट्टी होतो. वडिलांचं इचलकरंजीत गॅरेज होतं. ते म्हणायचे, बोल्ट किती कसायचा ते मनगटाला कळतं. त्यांच्या मनगटाला कळायचं. इथे प्लेटचे आणि कव्हरचे बोल्ट ९० ते १२० इंच-पाउंडांवर कसायचे असतात, म्हणजे जेमतेम १० ते १४ न्यूटन-मीटर, आणि आटे ॲल्युमिनियममध्ये. दुसरी गाडी मित्राची होती. तिच्यावर मी अर्ध्या इंचाचा मोठा रेंच अगदी खालच्या आकड्यावर लावून वापरला. तिथे तो भरवशाचा नसतो. क्लिक ऐकूच आला नाही आणि एक आटा गेला. हेलिकॉइल (तारेचा नवा आटा) घातला, मित्राला जेवायला नेलं आणि पाव इंची ड्राइव्हचा इंच-पाउंडांचा रेंच घेतला. मोठा लागतोच, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला २४ आणि कॅमच्या बोल्टला ३४ फूट-पाउंड. आधी १५ वर कसून, एक पूर्ण फेरा सैल करून, मग शेवटच्या आकड्यावर. तेव्हा दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) फिरू नयेत म्हणून दातांत घालायची पाचर मिळते. दिसायला क्षुल्लक आहे, पण तिच्याशिवाय सुरुवात करू नका.

अनपेक्षितपणे कामी आला तो डायल गेज, बारीक फरक काट्यावर दाखवणारा. चेनच काढून गिअर ड्राइव्ह बसवावा असं मनात होतं, पण त्याला क्रँकची डगमग ०.००३ इंचाच्या आत लागते. माझी ०.००३५ इंच निघाली. गिअर ड्राइव्हचे पैसे वाचले आणि गेज त्यातच वसूल झाला.

लिफ्टर (कॅमवर टेकून वर-खाली होणारे तुकडे) वर धरून ठेवायचा संच घेऊ नका. लांब दांड्याचे चार चुंबक पुरतात. लिफ्टरची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या पुशरॉडसाठी शेजाऱ्याचा बोल्ट कटर आणला, जुने रॉड कापले आणि लांबी जुळवता येणारे नवे घातले, म्हणजे टाकी आणि रॉकर बॉक्स काढावे लागत नाहीत. कापताना चष्मा घाला, तुकडा उडतो. रॉड जुळवल्यावर लिफ्टरमधलं तेल उतरून रॉड बोटांनी फिरेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही, नाहीतर व्हॉल्व्ह वाकतो. थंडीत याला माझ्याकडे पाऊण तास लागला, चहा दोनदा झाला.

स्प्रॉकेट एका रेषेत आणायला ०.०१० इंचाच्या आतला फरक चालतो, तो चांगल्या पोलादी पट्टीने आणि फिलर गेजने मोजला. खास हत्यार घेतलं नाही, अडलंही नाही. आणि हो, कोल्हापूरहून आणलेला मिलिमीटर मापाच्या गोटीपान्यांचा संच इथे बिनकामाचा, कारण इथे बहुतेक सगळे बोल्ट इंची मापाचे.

माझी गाडी तेव्हापासून सुमारे ४,००० मैल चालली. मे महिन्यात कव्हर पुन्हा उघडून पाहिलं, टेन्शनरवर फक्त चेनची पुसट चमक आहे. पुलर एप्रिलपासून कोलंबसच्या एका मित्राकडे आहे. प्रेसही घेऊन जा म्हटलं होतं, तो काही त्याने नेला नाही.