बर्डीवरून आणलेला पृथ्वीगोल: पाचपैकी साडेतीन

सातवीतल्या नातवासाठी मागच्या महिन्यात नागपूरच्या बर्डीवरून पृथ्वीगोल आणला. बारा इंची, साडेनऊशे रुपये. दुकानदार हजाराच्या खाली उतरत नव्हता, पण तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईशी किती वेळ हुज्जत घालणार?

आधी खोट सांगते. दोन अर्धगोल विषुववृत्तावर नीट जुळलेले नाहीत, सुमात्रा बेट अर्धा सूत सरकलंय. बैठक डुगडुगते, खाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे.

छपाई मात्र बारीक असूनही स्वच्छ. पॅसिफिकमधले माशीएवढे ठिपकेसुद्धा वाचता येतात आणि कुठलं बेट कोणाचं तेही पुढे कंसात दिलंय. यावरूनच आमच्याकडे एक अख्खी संध्याकाळ गेली. नातू म्हणाला, "आजी, गुआम तर फिलिपिन्सच्या बाजूला आहे, मग अमेरिकेचं कसं?"

म्हटलं, क्युबावर बोट ठेव. फिलिपिन्स-गुआमसारखाच तोही तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. 15 फेब्रुवारी 1898 ला हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका फुटली, अडीचशेच्या वर माणसं गेली. कशामुळे फुटली यावर अजून वाद आहे. अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांना मात्र तेव्हाच खात्री होती की हे स्पेनचंच काम! एप्रिलमध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध पेटलं. आता पहिली मोठी लढाई शोध. पोरगा क्युबाभोवतीच घुटमळत राहिला. लढाई झाली 1 मे ला मनिलाच्या उपसागरात, आणि तिथे पोचायला त्याला जवळजवळ अर्धा गोल फिरवावा लागला. सपाट नकाशावर हे इतकं डोक्यात शिरत नाही, आणि साडेनऊशेतले निम्मे माझे तिथेच वसूल झाले.

वाटेत हवाई लागलं. तिथल्या राणी लिलिउओकलानींना साखरमळेवाल्यांच्या गटाने 1893 मध्येच गादीवरून उतरवलं होतं, किनाऱ्यावर अमेरिकन नौसैनिक उभे होते. युद्धाच्या धामधुमीत, जुलै 1898 मध्ये, अमेरिकेने ती बेटंही जोडून घेतली. डिसेंबरात पॅरिसचा तह झाला. पोर्तो रिको आणि गुआम अमेरिकेकडे गेले, फिलिपिन्ससाठी दोन कोटी डॉलर मोजले.

"कोणाला मोजले?"

"स्पेनला."

"आणि तिथल्या लोकांना?"

त्यांनी तर आगिनाल्दोच्या पुढारीपणाखाली जूनमध्येच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. तहाच्या बैठकीत त्यांना खुर्चीच नव्हती. फेब्रुवारी 1899 मध्ये त्यांचं अमेरिकेशीच युद्ध जुंपलं.

क्युबा तेवढा 'स्वतंत्र' झाला. पण 1901 च्या प्लॅट दुरुस्तीने, म्हणजे अमेरिकेच्याच एका कायद्याने, अटी घातल्या: स्वातंत्र्याला बाधा येईल असा तह परक्या सत्तेशी करायचा नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क, आरमारी तळासाठी जमीन द्यायची. हे समजावायला मला फार लांब जावं लागलं नाही. 1816 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने त्यांचं सैन्य, पत्करली आणि पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली. "ज्या टेकडीजवळून तुझा गोल आणला ना, तिथेच," म्हटल्यावर स्वारीने मोबाइल बाजूला ठेवला. क्युबाच्या मानेवर मात्र ही अट त्याच्याच राज्यघटनेत लिहवून घेतली, हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांसाठी घ्यायला हरकत नाही. लहानग्यांना अक्षरं दिसायची नाहीत, मलाही भिंग लागतं. घेताना दुकानातच फिरवून जोड तपासा.

आणखी अर्धा गुण कापलाय तो ग्वांतानामोसाठी, म्हणजे क्युबातल्या त्या अमेरिकन आरमारी तळासाठी. प्लॅट दुरुस्ती 1934 मध्ये गेली, तळ अजून आहे, पण या गोलावर त्याचा पत्ता नाही. बॉलपेनने खूण केली तर पुसली गेली. शेवटी सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो जमैकाएवढा झालाय.