सिंह की वाघ? अँजेला कार्टरची कुठली कथा आधी वाचावी

'ब्यूटी अँड द बीस्ट' ही फ्रेंच गोष्ट १७४० साली व्हिलनव्हबाईंनी ऐसपैस लिहिली आणि १७५६ साली बोमाँबाईंनी आटोपशीर केली. इंग्रज लेखिका अँजेला कार्टरने १९७९च्या 'द ब्लडी चेंबर' या संग्रहात तीच गोष्ट दोनदा लिहिली. 'द कोर्टशिप ऑफ मिस्टर लायन' सिंहाची, आणि तिच्या लगेच पुढे 'द टायगर्स ब्राइड' वाघाची. हातात एकच संध्याकाळ असेल तर कुठली घ्यावी? माझं मत वाघाच्या बाजूने आहे, पण सिंहावर अन्याय नको.

सिंहाची कथा जवळपास मूळच्याच वाटेने जाते. बर्फात बंद पडलेली बापाची मोटार, तोडलेला पांढरा गुलाब, देखण्या घरात एकटा राहणारा श्वापद-यजमान आणि त्याची स्पॅनियल कुत्री. एका रात्री तो ब्यूटीच्या मांडीत डोकं खुपसतो. तिला बोटांवर गरम श्वास जाणवतो, मिशांचे राठ केस, खरखरीत जीभ. आणि मग एकदम उमगतं, हा तर फक्त माझ्या हातांचे मुके घेतोय! माणूस कुठे संपतो आणि जनावर कुठे सुरू होतं, हे इथे त्या चाटण्याला काय म्हणायचं यावर ठरतं. पुढे ब्यूटीच्या आसवांनी सिंहाचा माणूस होतो आणि मिस्टर व मिसेस लायन बागेत फिरतात. आपल्याकडे वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. 'बा' लावला तरी वाघ वाघच राहतो. इथे मात्र 'मिस्टर' लागलं की सिंहाला माणूस व्हावंच लागतं. मला हा शेवट गोड वाटतो, आणि थोडा उदासही.

वाघाच्या कथेत मुलगी स्वतः बोलते, आणि पहिल्याच वाक्यात सांगते की बाप पत्त्यांच्या डावात तिला श्वापदापाशी हरला. वाघ माणसाचा चेहरा रंगवलेला मुखवटा घालतो, हातमोजे घालतो, अंगाला भरपूर अत्तर फासतो. तो चेहरा जरा जास्तच नीटस आहे. कथेची खरी ताकद मला चावी दिली की चालणाऱ्या मोलकरणीत दिसते. ही बाहुली हुबेहूब त्या मुलीसारखी, गालावर पावडर लावून देणारी. पुढे घोड्यावरून जाताना तिची आठवण होते आणि मुलीला कळतं, की पुरुषांच्या जगाने बुद्धी जशी जनावरांना नाकारली, तशीच आपल्यालाही. म्हणजे जनावर तिच्या पलीकडच्या काठावर नाहीच. पलीकडे आहे ती बाहुली. म्हणून बापाकडे ती बाहुलीला पाठवायचं ठरवते आणि स्वतः वाघाकडे जाते. वाघ तिला चाटतो, एकेक कातडी सोलून निघते आणि खाली चमकदार लव दिसते. माणूस होण्याची पाळी वाघावर येतच नाही.

शेवट सांगितला म्हणून रागावू नका. या कथा शेवट ठाऊक असतानाच जास्त भिडतात.

निवडायची तर अशी: सिंहाची कथा आकाराने लहान, निवेदन तृतीयपुरुषी, आणि परीकथेवर वाढलेल्या कुमारवयीन वाचकाला निर्धास्त देता येते. वाघाच्या कथेत नग्नता आहे, बापाने केलेला सौदा आहे, ती मोठ्यांची. वाचनगटात चर्चा हवी असेल तर तीच घ्या. इंग्रजी दोन्हींचं दाट आहे, घाई चालत नाही. त्याच संग्रहातली 'वुल्फ-अ‍ॅलिस', लांडग्यांनी वाढवलेल्या मुलीची कथा, त्यानंतर.

दोन संध्याकाळी मिळत असतील तर मात्र क्रम बदला, सिंह आधी. हातांच्या मुक्यांच्या त्या परिच्छेदापाशी पेन्सिलीने खूण करा, आणि वाघाची कथा संपली की लगेच तिथे परत या. जीभ तीच आहे, तितकीच खरखरीत.