खाण बंद झाल्यावर हातात काय उरतं?

एखाद्या दुकानदाराने वर्षभर माल विकला, रोज गल्ला मोजला, पण गोदामात किती माल उरलाय हे एकदाही पाहिलं नाही, तर त्याच्या हिशेबाला आपण हिशेब म्हणणार नाही. देशांचा हिशेब मात्र बराच काळ असाच चालत आलाय. जमिनीतून काढलेलं तेल, तांबं, हिरे हे सगळं सकल देशांतर्गत उत्पादनात जमेला धरलं जातं. साठा तेवढ्याने घटला, ही वजावट त्यात कुठेच नसते. त्यामुळे जो देश जोरात खोदतो तो कागदावर जोरात श्रीमंत होतो.

नैसर्गिक संपत्तीचं काय करावं याबद्दल तुम्हाला मत ठरवायचं असेल, मग ते मतपेटीसाठी असो, धोरणाच्या मसुद्यावरच्या अभिप्रायासाठी असो की वादविवाद स्पर्धेसाठी, तर आधी एवढं पक्कं करा: खनिज विकून आलेला पैसा हा पगार नाही, ते मुद्दल आहे. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविक यांनी 1977 मध्ये हे सूत्रात बसवलं. संपणाऱ्या साधनातून मिळणारा 'खंड', म्हणजे काढण्याचा खर्च आणि रास्त नफा वजा जाता उरलेली रक्कम, पूर्णपणे दुसऱ्या भांडवलात घातली तर पुढच्या पिढ्यांचा उपभोग घटत नाही. यावर तत्त्वतः फारसं कुणी भांडत नाही. भांडण आहे ते 'दुसरं भांडवल' म्हणजे नेमकं काय, यावर.

आधी, न ठरवण्याचा मार्ग

पॅसिफिक महासागरातलं नाउरू हे जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट. 1968 मध्ये स्वतंत्र झालं आणि फॉस्फेटच्या जोरावर सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या अव्वल देशांच्या रांगेत जाऊन बसलं. लोकसंख्या दहा हजारांच्या आसपासही नव्हती, तरी स्वतःची विमानसेवा होती आणि मेलबर्नमध्ये स्वतःची 52 मजली इमारत. फॉस्फेट आटलं, कर्ज वाढलं, 2004 मध्ये ती इमारत विकली गेली. बेटाच्या मधला उंचवटा खरवडून निघालाय, तिथे आता चुनखडीचे सुळके तेवढे उभे आहेत. बसून खाल्लं तर डोंगरही सरतो, ही म्हण इथे शब्दशः घडली.

नाउरूची गोष्ट सांगणारे एक तपशील सहसा गाळतात. तिथे ट्रस्ट होता. भावी पिढ्यांसाठी पैसा बाजूला ठेवण्याची व्यवस्था कागदावर व्यवस्थित होती. तेव्हा 'फंड काढला की झालं' असं कुणी म्हणालं, तर हे बेट आठवा.

नॉर्वे आणि बोट्स्वाना

खरी निवड या दोन नमुन्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नॉर्वेला 1969 च्या शेवटी एकोफिस्क हे मोठं तेलक्षेत्र सापडलं. तेल कंपन्यांच्या नफ्यावर एकूण 78 टक्के कर, 1972 मध्ये सरकारी तेल कंपनी, आणि सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे फंड. या फंडातला पैसा फक्त देशाबाहेर गुंतवला जातो. 2001 च्या नियमानुसार सरकारने सरासरी वर्षाला फंडाच्या 4 टक्केच वापरायचे. 2017 पासून हा आकडा 3 टक्क्यांवर आणला. म्हणजे अपेक्षित परतावा तेवढा खायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. आज फंडात जे आहे त्यातलं निम्म्याहून अधिक तेलातून थेट आलेलं नाही, गुंतवणुकीच्या परताव्यातून आलंय. जमिनीखालचं तेल जगभरच्या कंपन्यांच्या समभागांत बदललं गेलं, असं म्हणता येईल.

पैसा बाहेर का? परोपकार म्हणून नव्हे. नेदरलँड्समध्ये 1959 मध्ये ग्रोनिंगेनला प्रचंड वायुसाठा सापडला. निर्यातीचं परकीय चलन आत आलं, डच चलन महागलं, आणि बाकीच्या डच कारखान्यांचा माल परदेशात महाग पडू लागला. 1977 मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाने याला 'डच डिसीज' नाव दिलं आणि ते चिकटलं. नायजेरियातही तेच दिसलं, जास्त भेसूर रूपात. कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे, तीच त्या शहराची ओळख होती. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला, शेतीकडचं लक्ष उडालं, आणि पिरॅमिड दिसेनासे झाले. पैसा देशाबाहेर ठेवला की हा दाब कमी होतो.

आता दुसरी बाजू. बोट्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा देशभरात डांबरी रस्ता होता सुमारे 12 किलोमीटर आणि पदवीधर सांगितले जातात 22. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या जमातीचे प्रमुखपदाचे वारस होते, त्याच बामांग्वाटो जमातीच्या मुलखात ही जागा होती. तरीही खनिजांचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे नेण्याचा कायदा त्यांच्याच सरकारने केला. मला या साऱ्या कहाणीतला हा निर्णय हिऱ्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण 'खाण आमची की तुमची' या वादातच कित्येक देशांची दशकं गेली आहेत. नंतर डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीसोबतची सरकारची भागीदारी निम्मी-निम्मी झाली, 1982 मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली, आणि पैसा रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांत गेला. नियम असा की खनिजांचं उत्पन्न विकासकामं, शिक्षण आणि आरोग्यावर लागावं. सरकारचा बाकीचा रोजचा खर्च इतर महसुलातून भागावा. फंडही काढला, पण 1994 मध्ये आणि जोडीला म्हणून.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा. नॉर्वेकडे तेल सापडण्याआधीच जहाजं होती, जलविद्युत होती, शिकलेली माणसं होती. देशात घालण्यासारखं बरंचसं आधीच घातलेलं होतं. शिवाय फंडाचा कायदा झाला 1990 मध्ये आणि पहिली रक्कम जमा झाली 1996 मध्ये, तेल वाहू लागल्यावर पंचवीस वर्षांनी. त्याआधीचा पैसा देशातच जिरला होता. 'नॉर्वेसारखं करा' म्हणणारे बहुधा ही पहिली पंचवीस वर्षं सोडून बोलतात. ज्या देशात मुलींना शाळा नाही, त्याने पैसा परदेशी रोख्यांत 3-4 टक्क्यांवर ठेवावा हे मला पटत नाही. शिकलेल्या मुलीचा 'परतावा' त्याहून कितीतरी जास्त असतो.

पण बोट्स्वानाच्या वाटेलाही एक अट आहे: पचवण्याची ताकद. एकदम दहा धरणं काढली तर अभियंते तेवढेच असतात, सिमेंट तेवढंच असतं. कामं वाढत नाहीत, त्यांच्या किमती वाढतात. आणि दुसरं, रस्ते-शाळा झाल्या म्हणून नवे उद्योग आपोआप उगवत नाहीत. बोट्स्वानात बेरोजगारी आणि विषमता आजही मोठी आहे. प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यांनी बाजार खाली आणल्यावर सरकारी तिजोरीला लगेच झळ बसली, आणि 1966 पासून सत्तेत असलेला पक्ष 2024 च्या निवडणुकीत हरला. हे अपयश म्हणावं का? 12 किलोमीटरपासून मोजलं तर नाही. पण हिरे संपण्याआधी हिऱ्यांचं मोल घसरू शकतं, हे मात्र गृहीत धरलेलं नव्हतं.

पूर्व तिमोरने 2005 मध्ये नॉर्वेच्या धर्तीवर नेटका कायदा केला. दरवर्षी 3 टक्क्यांपर्यंत काढणं टिकाऊ, हे त्यात लिहिलेलंच आहे. तरी वर्षामागून वर्ष त्याहून अधिक काढलं गेलं, कारण तेल-वायू सोडला तर सरकारकडे दुसरा महसूल जवळपास नाही. कुलूप चांगलं आहे, पण घरात दुसरं काही शिजतच नसेल तर कुलूप किती दिवस टिकणार?

थेट लोकांच्या खात्यात

हा मार्ग अमेरिकेतल्या अलास्का राज्याने धरला. 1976 च्या घटनादुरुस्तीने खनिजांच्या रॉयल्टीचा किमान 25 टक्के भाग कायमच्या फंडात जातो, आणि 1982 पासून रहिवाशांना लाभांश मिळतो. पहिला 1000 डॉलरचा होता. गुण एकच, पण मोठा: फंडावर प्रत्येकाची नजर राहते. दोषही त्याच जागी. 2016 मध्ये गव्हर्नरांनी लाभांश निम्म्यावर आणला, तेव्हापासून राज्याच्या राजकारणात दुसरा विषय शोधावा लागतो. लोकसंख्या थोडी आणि सार्वजनिक सेवा धड असतील तर विचार करावा. जिथे दवाखानाच नाही, तिथे हातात रोख देऊन दवाखाना उभा राहत नाही.

कच्चा माल बाहेर द्यायचाच नाही

राजकारण्यांचा हा सगळ्यात आवडता मार्ग, आणि तो अगदीच पोकळ नाही. इंडोनेशियाने जानेवारी 2020 पासून निकेलच्या कच्च्या धातुकाची निर्यात बंद केली. युरोपीय संघाने दाद मागितली, जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने 2022 मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात दिला. तोवर देशातल्याच सुलावेसी बेटावर निकेल गाळणाऱ्या भट्ट्या धडधडत होत्या.

ते जमलं याचं कारण साधं आहे. जगात खाणीतून निघणाऱ्या निकेलचा निम्म्याहून अधिक वाटा आता इंडोनेशियाचा आहे. गिऱ्हाईक जाईल कुठे? ज्याच्याकडे जगाच्या साठ्यातला दोन टक्के वाटा आहे, त्याने बंदी घातली तर गिऱ्हाईक शेजारच्या देशात जातं. किंमतही मोजावी लागली: भट्ट्यांची वीज बव्हंशी कोळशाची, भांडवल मोठ्या प्रमाणात चिनी, आणि इतका माल बाजारात आला की निकेलचे भाव गडगडले. नफ्यातला किती भाग देशात राहतो, हा प्रश्न कारखान्याच्या उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. तो आधी विचारा.

जमिनीतच राहू दे

इक्वेडोरने 2007 मध्ये जगापुढे प्रस्ताव ठेवला: यासुनीच्या जंगलाखालचं तेल काढत नाही, निम्म्या नुकसानीएवढे 3.6 अब्ज डॉलर जगाने द्यावेत. पैसे आले नाहीत, 2013 मध्ये बेत गुंडाळला, खोदकाम सुरू झालं. 2023 च्या सार्वमतात मात्र सुमारे 59 टक्के लोकांनी तेल जमिनीतच ठेवा म्हणून कौल दिला. जंगल वाचवण्यासाठी हा मार्ग घेणं मला समजतं. 'नंतर महाग विकू' म्हणून घेणं हा जुगार आहे. का, ते शेवटी चिलीच्या निमित्ताने येतंच.

मासळी आणि जंगल यांचं गणित वेगळं

आतापर्यंतचं सगळं संपणाऱ्या साठ्यांबद्दल झालं. मासळी, जंगल, गोडं पाणी हे स्वतःहून वाढणारं मुद्दल आहे. इथे फंडापेक्षा मर्यादा महत्त्वाची. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात 1968 साली आठ लाख टनांच्या आसपास कॉड मासा काढला गेला. त्या वर्षीच्या जमाखर्चात ती भरभराटच दिसली असेल. 2 जुलै 1992 रोजी कॅनडा सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांच्या घरात लोकांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. उठली 2024 मध्ये, तीही छोट्या कोट्यापुरती.

उलट कोस्टा रिकाने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनकराच्या पैशातून मोबदला द्यायला नव्वदच्या दशकात सुरुवात केली. तिथलं घटत चाललेलं वनक्षेत्र आता पुन्हा देशाच्या निम्म्या भूभागाहून अधिक झालंय. सगळं श्रेय या योजनेचं नाही, गोमांसाचे भाव उतरणं आणि जंगलतोडीवरची बंदी यांचाही हात होता. तरी दोन देशांपैकी कुणाचं मुद्दल शाबूत आहे, ते दिसतंच.

मग निवडायचं कसं?

मी तीन गोष्टी याच क्रमाने पाहीन. साठा किती वर्षांचा आणि माणशी किती? थोडी वर्षं आणि थोडी माणसं असतील तर फंड, लवकर आणि कडक नियमांचा. माणसं पुष्कळ आणि शाळा-रस्ते अपुरे असतील तर पैसा देशात, पण कामं पेलतील त्या वेगाने, आणि उरलेला पैसा वाट पाहण्यापुरता बाहेर. भाव वर-खाली होणारं एकच खनिज तिजोरीचा कणा असेल, तर आणखी एक लहान फंड केवळ मंदीसाठी. चिलीने तांब्याचे भाव चढे असताना पैसा राखून ठेवला, तेव्हा सरकारवर चिक्कार टीका झाली. 2009 च्या मंदीत तोच पैसा बाहेर काढला आणि टीका थांबली. आणि या सगळ्याआधी, कंपन्यांशी झालेले करार लोकांना वाचायला मिळतात का? मिळत नसतील तर वरच्यापैकी कुठलाही मार्ग निवडा, फार फरक पडणार नाही.

चिलीचं नाव आलंच आहे तर अटाकामाच्या वाळवंटाकडेही पाहा. तिथल्या सोऱ्यावर, म्हणजे खत आणि दारूगोळ्याला लागणाऱ्या नायट्रेटवर, चिलीची जवळपास मक्तेदारी होती. एके काळी सरकारी महसुलाचा निम्म्याच्या घरातला भाग त्याच्या निर्यातकरातून येई. 1913 मध्ये जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. पुढच्या दोन दशकांत धंदा बसला. साठा भरपूर शिल्लक होता, घेणारं कुणी नव्हतं. हंबरस्टोनसारखी ओसाड पडलेली सोऱ्याची गावं आता जागतिक वारसा म्हणून जपली जातात. त्याच वाळवंटात हल्ली मिठागरांतून बॅटऱ्यांसाठी लिथियम काढलं जातं, आणि ते काढणारी एसक्यूएम ही कंपनी मुळात सोऱ्याच्या धंद्यातूनच आलेली. 2023 मध्ये सरकारने लिथियमवर राष्ट्राचा ताबा वाढवण्याचं धोरण जाहीर केलं. कोडेल्को ही सरकारी तांबं कंपनी आणि एसक्यूएम यांची जी भागीदारी त्यातून ठरली, तिची मुदत 2060 पर्यंत आहे. तोवर बॅटऱ्या लिथियमच्याच असतील, असं दोघांनीही गृहीत धरलंय.